काट्यापासून पावतीपर्यंत



ड्रॉइंगच्या सरांच्या तासाला आमच्यापुढे लाकडी ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि टोक काढलेल्या दोन पेन्सिली असायच्या. सरांच्या खिशात तिसरी असायची, लाल. एकदा मी पायऱ्यांच्या शाफ्टचं ड्रॉइंग काढलं होतं. तीन टप्पे होते: 30 मिलिमीटर, 40 आणि पुन्हा 30. खाली एकूण लांबी, 100. बाणांची टोकं एकसारखी, आकडे सुबक. मला ते शीट फार आवडलं होतं. सर आले, वाकून बघितलं आणि शेवटच्या 30 वर त्यांनी लाल रेघ मारली.

"सर, माप बरोबर आहे," मी म्हणालो.

"बरोबर आहे. पण जास्त आहे."

मग त्यांनी शीटच्या कोपऱ्यात बेरीज मांडली. कारखान्यात कुठलंही माप तंतोतंत निघत नाही, त्याला थोडा टॉलरन्स द्यावा लागतो. समजा, प्रत्येक मापाला अर्धा मिलिमीटर इकडे किंवा तिकडे चालेल असं ठरवलं. लेथवरच्या माणसाने तिन्ही टप्पे थोडे मोठे काढले: 30.5, 40.5, 30.5. प्रत्येक टप्पा टॉलरन्समध्ये बसतो. बेरीज होते 101.5. आणि खाली मीच लिहून ठेवलं आहे की एकूण लांबी 100.5 च्या वर जाता कामा नये. तिन्ही टप्पे पास, शाफ्ट नापास. "आता त्याने तुझ्या वरच्या ओळीचं ऐकायचं की खालच्या?" सरांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. "तो त्याला सोयीचं असेल ते ऐकेल. आणि त्याने कुठलं ऐकलं, ते तुला कळणारसुद्धा नाही."

इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये जास्तीचं माप ही चूक धरतात, हे त्या दिवशी कळलं. कमी मापं दिली तर काम अडतं आणि माणूस विचारायला येतो. जास्त दिली तर काम अडत नाही, ते चुकीच्या दिशेने मुकाट्याने पुढे जातं. या व्याख्यानासाठी आयोजकांनी विषय विचारला तेव्हा ती लाल रेघच आठवली.

पुढे मी संगणकाच्या क्षेत्रात गेलो आणि माझं जन्मभराचं काम एकच राहिलं: लोकांना काय हवं आहे ते लिहून काढणं. आमच्या धंद्यात त्याला रिक्वायरमेंट म्हणतात. सरकारी कचेरीत त्याला विनिर्देश म्हणतात, निविदेत ते तांत्रिक तपशिलाच्या जोडपत्रात असतं. नाव काहीही असो, एक माणूस दुसऱ्याला लिहून सांगतो की मला हे करून दे. हे लिहिताना आपण किती लिहावं, यात मी स्वतः मोठी चूक केली. तीच आधी सांगतो.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दूध संघाला गावोगावच्या संकलन केंद्रांसाठी संगणकावर नोंदी ठेवायच्या होत्या. मी आणि माझ्या दोन सहकाऱ्यांनी चार महिने खपून दस्तऐवज तयार केला. 180 पानं. पडद्यावर कुठला रकाना कुठे, अक्षर केवढं, 'जतन करा'चं बटण उजवीकडे खाली आणि हिरवं, यादी उघडली की पहिली ओळ कुठली, सगळं त्यात होतं. उत्पादकाचा क्रमांक, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, गाव, जनावर, जनावराची जात, लिटर, फॅट, डिग्री, एसएनएफ, शेरा असे 11 रकाने. प्रत्येक रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येऊ नये, असं कलम होतं. नोंद जतन करण्याआधी 'खात्री आहे का?' असं विचारावं, असंही कलम होतं. संघाच्या सहा जणांनी पानापानावर सह्या केल्या. आम्हाला त्या जाडीचा अभिमान वाटत होता. आम्ही काही सोडलं नाही, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो.

त्याप्रमाणे केलेला प्रोग्रॅम बसल्यावर हिवाळ्यात एका केंद्रावर पहाटे साडेपाचला मी जाऊन उभा राहिलो. एकच बल्ब. दारापासून रस्त्यापर्यंत रांग, कुणाच्या हातात किटली, कुणाच्या हातात कॅन, एका मुलाने सायकलला दोन्ही बाजूंना कॅन अडकवलेले. संस्थेचे सचिव काट्यावर दूध मोजत होते, नमुना टेस्टरला लावत होते आणि मध्येच खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसून कळफलकाकडे वळत होते. बोटं तरी ओलीच. क्रमांक, लिटर, फॅट भराभर पडायचं. जातीच्या रकान्याशी ते आले की 1 दाबायचे. शेऱ्यात 1. पडदा विचारायचा, खात्री आहे का. पुन्हा एक कळ. दीड तासात सव्वाशे माणसं उरकायची असतात, कारण त्यानंतर टँकर येतो आणि दूध कुणासाठी थांबत नाही. चौथ्या दिवशी त्यांनी कळफलक बाजूला सरकवला आणि जुनी वही उघडली. दुपारी निवांत बसून ते वहीतून संगणकात नोंदी चढवत. मला म्हणाले, "साहेब, दूध काढणाऱ्या बाईला गाईची जात रोज सकाळी कशाला विचारायची? गाय काय रोज बदलतीय?"

पहिल्या तिमाहीत मुख्य कार्यालयात जातवार अहवाल निघाला, तेव्हा त्या केंद्राच्या सगळ्या गाई एकाच जातीच्या दिसत होत्या. त्या आकड्यांवर पशुखाद्याचं नियोजन व्हायचं होतं. म्हणजे आम्ही जास्तीचं मागितलं आणि पदरात खोटं पडलं. त्यात सचिवांचा दोष नव्हता. ज्या माणसाला आपण अशक्य कलम देतो, त्याला आपणच खोटं लिहायला लावतो.

याहून मला जास्त लागली ती दुसरी गोष्ट. त्या भागात पहाटेच्या वेळी वीज जाणं नेहमीचं होतं. 180 पानांत वीज गेल्यावर काय, याबद्दल एक ओळ नव्हती. सहा जणांनी सह्या केल्या, तिघांनी लिहिलं, आणि एकालाही ते सुचलं नाही. सह्या करणारे गावचे नव्हते असं नाही, सहापैकी चौघांच्या घरी गोठा होता. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. जाड कागदपत्र हातात घेतलं की माणसाला वाटतं, सगळं आलं असेल. तो असलेलं तपासतो, नसलेलं शोधत नाही. बटणाचा रंग हिरवा की निळा यावर आमच्या बैठकीत पाऊण तास वाद झाला होता, कारण रंगाबद्दल कागदावर काहीतरी लिहिलेलं होतं. विजेबद्दल लिहिलेलं नव्हतं, म्हणून वादच झाला नाही. शिवाय 180 पानांत सगळी कलमं एकाच तोंडवळ्याची असतात. 'पावतीची रक्कम बिलाशी जुळली पाहिजे' हे कलम आणि 'शीर्षक मध्यभागी असावं' हे कलम, दोन्हींनाही क्रमांक, दोन्हींनाही एक ओळ. कशावाचून जेवण अडेल आणि कशावाचून नुसती कोशिंबीर कमी पडेल, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

खरी गरज काय होती? नंतर मी ती तीन वाक्यांत लिहिली. उत्पादकाला काट्यापासून पावतीपर्यंत अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबावं लागू नये. वीज गेली तरी झालेली नोंद हरवू नये. दहा दिवसांचं बिल उत्पादकाच्या हातातल्या पावत्यांच्या बेरजेशी पैशापैशाने जुळावं.

ही तीन वाक्यं ढोबळ नाहीत, हे लक्षात घ्या. अर्धं मिनिट घड्याळ लावून मोजता येतं. वीज घालवून बघता येते. बिलाची बेरीज करता येते. 180 पानांतल्या कुठल्याही कलमापेक्षा ही वाक्यं कडक आहेत. नेमकेपणा आणि तपशील यांची आपण गल्लत करतो. लांबलचक लिहिलेलं पुष्कळदा संदिग्ध असतं आणि नेमकं लिहिलेलं थोडक्यात मावतं. मला कमी लिहा असं सांगायचं नाही. जे लिहाल ते निभावलं की नाही हे सांगता यावं, आणि जे दुसऱ्याला अधिक चांगलं ठरवता येतं ते त्याच्याकडे राहू द्यावं, एवढंच सांगायचं आहे.

याचा मला माहीत असलेला सर्वांत सुंदर नमुना विमानाचा आहे. अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरने 23 डिसेंबर 1907 रोजी 486 क्रमांकाचा विनिर्देश काढला. हवेपेक्षा जड असलेलं उडणारं यंत्र हवं आहे, पुरवठादारांनी निविदा भराव्यात. राइट बंधूंचं पहिलं उड्डाण होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती आणि बहुतेकांनी विमान डोळ्यांनी पाहिलेलंही नव्हतं. एवढ्या नवलाईच्या वस्तूची मागणी दोन पानांत मावली. यंत्राने दोन माणसं न्यावीत, दोघांचं मिळून वजन 350 पौंड, म्हणजे सुमारे 159 किलो. 125 मैलांना पुरेल एवढं इंधन बरोबर असावं. वेग ताशी किमान 40 मैल हे उद्दिष्ट. सलग एक तास हवेत राहावं आणि असं उतरावं की लगेच पुन्हा उडता येईल. इंजिन बंद पडलं तर सुखरूप खाली येण्याची सोय असावी. सुटं करून लष्कराच्या गाड्यांवर लादता यावं आणि तासाभरात पुन्हा जोडता यावं. हुशार माणसाला वाजवी वेळात ते चालवायला शिकता यावं. ते शेवटचं कलम मी आमच्या मुलांना नेहमी वाचून दाखवतो. चालवणाऱ्याचा विचार 1907 च्या कागदात आहे.

आता त्यात काय नाही ते बघा. पंख किती, लाकूड कुठलं, इंजिनाला सिलिंडर किती, पंखा पुढे की मागे, काहीच नाही. राइट बंधूंच्या यंत्राला चाकं नव्हती. ते घसरपट्ट्यांवर उतरायचं आणि उडताना रुळावरून सुटायचं, त्याला ओढ द्यायला मनोऱ्यावरून वजन खाली सोडायचे. एखाद्या अतिदक्ष अधिकाऱ्याने 'यंत्र चाकांवर धावावे' असं एक निरुपद्रवी वाक्य घातलं असतं, तर त्या वेळी जगात ते काम करू शकणारं जे यंत्र होतं तेच बाद झालं असतं. निविदा 41 आल्या, यंत्र आणून दाखवलं ते राइट बंधूंनी.

सगळं सुरळीत झालं असं नाही. 17 सप्टेंबर 1908 ला फोर्ट मायरच्या मैदानावर चाचणीत विमान कोसळलं, सोबत बसलेले लेफ्टनंट सेल्फ्रिज गेले आणि ऑर्विल राइट जबर जखमी झाले. पुढच्या वर्षी नवं यंत्र आणलं. जुलै 1909 मधल्या वेगचाचणीत सरासरी भरली ताशी साडेबेचाळीस मैल. विनिर्देशात एक शहाणपणाची सोय होती: 40 च्या वर प्रत्येक मैलाला किमतीत 10 टक्के वाढ, खाली गेल्यास तेवढीच कपात. पंचवीस हजार डॉलरच्या करारावर पाच हजार वाढले. वेग कसा वाढवायचा हे लष्कराने सांगितलं नाही, वाढवला तर त्याचं मोल काय ते सांगितलं.

आणि हेही सांगितलं पाहिजे की तो कागद कचेरीत बसून सुचलेला नव्हता. त्याच महिन्याच्या सुरुवातीला विल्बर राइट लष्करी मंडळाला भेटून काय जमेल, किती जमेल ते बोलले होते. दोन पानं लिहायला आधी तेवढं बोलावं लागतं. 180 पानं लिहायला बोलावं लागत नाही.

मग माणसं इतकं का लिहितात? आळसाने नाही, हे मी खात्रीने सांगतो. भीतीने लिहितात. जिल्हा परिषदेतले एक अधिकारी माझ्या चांगल्या ओळखीचे होते, अत्यंत सचोटीचे. शाळांसाठी लोखंडी कपाटं घ्यायची होती. त्यांनी मला जुन्या निविदांची फाइल दाखवली. पहिल्या वर्षी कपाटाला चार ओळी. पुरवठादाराने पातळ पत्रा वापरला, म्हणून पुढच्या वर्षी पत्र्याचा गेज आला. मग बिजागऱ्या निखळल्या, म्हणून बिजागऱ्यांची संख्या आली. मग रंग उडाला, म्हणून रंगाचे हात किती ते आलं. मग कुलूप, मग कप्प्याची पट्टी, मग पायाखालचं रबर. प्रत्येक कलमामागे एक फसवणूक होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं ती फाइल वर्षानुवर्षं फुंकत आली होती. तरी शेवटच्या वर्षीची कपाटं वाकलीच, कारण कपाटात पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे ठेवणार आहोत आणि एका कप्प्याने एवढे किलो पेललं पाहिजे, हे एकाही वर्षी लिहिलं नव्हतं.

मी त्यांना विचारलं, एवढंच का नाही लिहीत? ते म्हणाले, "सर्वांत कमी दराची निविदा मला घ्यावीच लागते. का नाकारली याचं उत्तर ऑडिटला द्यावं लागतं. मापं लिहिली असली की पट्टी लावून नाकारता येतं. 'चांगलं नाही' म्हणून नाकारलं तर माझ्यावर आक्षेप येतो." मला त्यांचा राग आला नाही. ज्याला निर्णय घेण्याची मुभा नाही, तो आपला निर्णय मापांच्या आड लपवून ठेवतो. जास्तीचा तपशील हा पुष्कळदा अविश्वासाचा हिशोब असतो, आणि तो लिहिणारा माणूस त्या अविश्वासाचा पहिला बळी असतो. पण त्यांच्या अडचणीला उत्तर होतं. वजन ठेवून बघणं हीसुद्धा पट्टी लावण्यासारखीच चाचणी आहे. 'या कप्प्यावर 60 किलो आठ दिवस ठेवू, वाकला तर परत' हे लिहिलं असतं, तर ऑडिटलाही दाखवता आलं असतं.

केंद्राचे नियमही याच बाजूचे आहेत. भारत सरकारच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतला 144 वा नियम सांगतो की खरेदीच्या वस्तूचं वर्णन वस्तुनिष्ठ, कामावर आधारलेलं आणि मोजता येण्याजोगं असावं, विशिष्ट ब्रँड मागू नये, आणि अनावश्यक वैशिष्ट्यं घालून विनाकारण खर्च वाढवू नये. ऑक्टोबर 2021 मध्ये केंद्राच्या वित्त मंत्रालयाने काही अटींवर कामांच्या निविदांतही दर्जाला 30 टक्क्यांपर्यंत वजन देण्याची मुभा दिली. जिल्ह्याच्या टेबलावर मात्र जुनी फाइल असते आणि नवा माणूस तीच पुढे नकलतो.

हे दुखणं एकट्या आपलं नाही. ज्या अमेरिकी लष्कराने विमान दोन पानांत मागितलं, त्याच लष्कराचं चॉकलेट ब्राउनी आणि ओटच्या बिस्किटांचा विनिर्देश पुढे 26 पानांचा झाला. एमआयएल-सी-44072सी हा त्याचा क्रमांक. अक्रोडाचे तुकडे केवढ्या भोकांच्या चाळणीतून पडले पाहिजेत, इथवर त्यात लिहिलेलं होतं. हसण्याआधी त्यांची बाजू ऐकावी. शिधा वर्षानुवर्षं टिकला पाहिजे, उन्हात आणि थंडीत, हजारो मैलांवर. ती गरज खरी होती. पण 'एवढे महिने, एवढ्या तापमानात टिकावं आणि खाण्याजोगं राहावं' असं लिहिता आलं असतं, आणि मग चाळणी बेकरीवाल्याने बघितली असती. 29 जून 1994 ला संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांनी आदेश काढला: इथून पुढे काम काय व्हावं ते लिहा, लष्करी विनिर्देश वापरायचाच असेल तर खास परवानगी घ्या. त्यांच्यासमोरचं कारण सरळ होतं. बाजारातले चांगले कारखानदार असल्या कागदांच्या वाऱ्यालाही उभे राहत नव्हते, आणि बाजारात स्वस्तात मिळणारी नवी वस्तू लष्कराला महागात आणि जुनी मिळत होती.

आपल्याकडे हे स्पष्ट बोलून दाखवलं ते मनोहर पर्रीकरांनी. गोव्याचे, मुंबईच्या आयआयटीतून धातुशास्त्र शिकलेले, त्यामुळे विनिर्देश वाचणं त्यांना परकं नव्हतं. नोव्हेंबर 2014 मध्ये ते संरक्षणमंत्री झाले. लष्कराच्या काही मागण्या मार्व्हलच्या चित्रकथांतून आल्यासारख्या वाटतात, असं ते जाहीरपणे म्हणाले. दोन वेगवेगळ्या मापांच्या गोळ्या झाडू शकणारी, नळी बदलता येणारी रायफल मागणारी 2011 ची निविदा 2015 मध्ये रद्द करावी लागली होती. तेवढी वर्षं जवान जुनीच रायफल घेऊन उभा होता, हे मला त्यातलं सर्वांत मोठं नुकसान वाटतं. जगातल्या प्रत्येक बनावटीतला उत्तम गुण एका यादीत गोळा केला की यादी उत्तम होते, वस्तू जन्माला येत नाही. मार्च 2016 मध्ये गोव्यातल्या संरक्षण प्रदर्शनात खरेदीची नवी कार्यपद्धती जाहीर झाली. तिच्यात आवश्यक गुण आणि वाढीव गुण वेगळे काढले. वाढीव गुण असतील तर दरांच्या तुलनेत त्यांना 10 टक्क्यांपर्यंत मोल द्यायचं ठरलं. मी ते वाचलं तेव्हा मला 1907 चा ताशी एक मैल आठवला.

आता दुसरी बाजू. तपशील जिथे हवा तिथे तो पुरेपूरच हवा. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली ती साडेपाच फुटांच्या, म्हणजे 1,676 मिलिमीटरच्या रुळांवरून, आणि आजही ब्रॉडगेज तेवढीच आहे. तिथे 'रूळ सोयीच्या अंतरावर असावेत' असं लिहून कसं चालेल? दोन वेगळ्या हातांनी केलेल्या वस्तू जिथे एकमेकींना भिडतात, तिथे मिलिमीटर लिहावाच लागतो. प्लग आणि सॉकेट, नट आणि बोल्ट, एका संगणकाने दुसऱ्याला पाठवलेली नोंद. औषधाच्या मात्रेतही उदारपणा नको. पण रुळांमधलं अंतर ठरवणाऱ्याने डब्यातल्या बाकाची उशीही ठरवायला घेतली, की गडबड सुरू होते.

आणखी एक गोष्ट असते: वाचणारा कोण. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' 1970 मध्ये आलं आणि घरोघरी पोचलं ते वाटी-चमच्याच्या मापांमुळे. माझ्या आईला त्या मापांची गरज नव्हती, माझ्या बायकोला परगावी नव्या संसारात होती. शेजारी सांगायला कुणी नाही अशा मुलीला 'अंदाजाने घाल' म्हणणं निष्ठुरपणाचं आहे. उलट, 40 वर्षं पुरणपोळी करणाऱ्या बाईच्या हातात मोजणीचा चमचा देणं हा तिचा अपमान आहे. शिकाऊ माणसाला पायऱ्या द्याव्यात, जाणकाराला मुक्काम सांगावा. आपण बहुतेक वेळा उलट करतो. शिकाऊ मुलाला 'बघून घे' म्हणतो आणि मुरलेल्या सुताराला खिळे मोजून देतो.

पुण्यातल्या आमच्या क्षेत्राबद्दल दोन शब्द बोलतो, कारण समोर बरेच तरुण त्यातले आहेत. आपलं गिऱ्हाईक सातासमुद्रापार असतं, त्याची सकाळ ती आपली संध्याकाळ. करार ठरावीक किमतीचा. मग दोन्ही बाजू ठरवतात की सगळं लिहून घेऊ, म्हणजे उद्या भांडण नको. साइन-ऑफ घेतलं जातं आणि मग प्रत्येक लहान बदलाला चेंज रिक्वेस्ट लागते, कारण प्रत्येक लहान गोष्ट आधी लिहून बसलेली असते. 'यादी अकारविल्हे लागावी' एवढं एक वाक्यसुद्धा फुकट नसतं. ते कुणीतरी बांधतं, कुणीतरी तपासतं, पुढची दहा वर्षं कुणीतरी सांभाळतं, आणि कशासाठी ते कुणालाच आठवत नाही. रॉन जेफ्रीज यांनी 2001 मध्ये एक साधी पद्धत मांडली. गरज एका लहान कार्डावर लिहा, तिच्याबद्दल बोला, आणि ती पुरी झाली हे कशावरून समजायचं ते ठरवा. कार्ड लहान असतं ते मुद्दाम, बोलायला भाग पडावं म्हणून. आपल्याकडे कार्ड आलं, पण पुष्कळ ठिकाणी बोलणं आलंच नाही. मग त्या कार्डाचाही उपयोग होत नाही.

मी एक सवय लावून घेतली आहे. प्रत्येक कलमापुढे 'कशासाठी' असा रकाना ठेवतो. तो भरता आला नाही, तर कलम काढून टाकतो. भरता आला, तर बहुतेक वेळा असं दिसतं की 'कशासाठी'च्या रकान्यातलं वाक्यच खरी गरज होती आणि डावीकडचं कलम हे माझ्या डोक्यातलं एक उत्तर होतं. मग डावीकडचं खोडतो, उजवीकडचं ठेवतो. त्यासाठी मी लाल पेन्सिल वापरतो.

दूध संघाचं काम आम्ही पुन्हा केलं. या वेळी ती तीन वाक्यं, काटा आणि टेस्टर यांच्याशी जोडणीचा नेमका तपशील, आणि बिलाच्या दराचा तक्ता एवढंच हातात दिलं. तो तक्ता मात्र फॅटच्या दशांशापर्यंत लिहिला, कारण तिथे शेतकऱ्याचे पैसे असतात. प्रोग्रॅम लिहिणारी मुलगी तीन दिवस पहाटे केंद्रावर जाऊन उभी राहिली. लिटर आणि फॅट हाताने घालायचंच नाही, काट्यावरून आणि टेस्टरवरून आपोआप येऊ दे, हे तिने ठरवलं. सचिवांसाठी तिने नुसत्या आकड्यांचा, मोठ्या कळांचा, ओल्या हाताने चालणारा कळफलक शोधून आणला. जनावराची जात उत्पादकाच्या नावापुढे एकदाच नोंदवली. बॅटरीची सोयही तिचीच. यातलं एकही आम्ही लिहिलं नव्हतं.

नवं काम सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी एक आजी पावती घेऊन बल्बखाली थांबल्या. डोळ्यांजवळ धरून त्यांनी ती वाचली आणि त्या मुलीला म्हणाल्या, "पोरी, कालचं बी ह्याच्यावर येतंय का? कालच्यापरीस कमी झालं का जास्त, तेवढंच बघायचं असतंय मला. कमी झालं तर म्हशीकडं बघाय पायजे."

सहा सह्या आणि 180 पानांत हे आलं नव्हतं. माझ्या तीन वाक्यांतही नव्हतं. ती मुलगी माझ्याकडे परवानगी मागायला आली नाही, मागायचं कारणही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आजींच्या पावतीवर दोन ओळी होत्या. वरची आजची, खालची कालची.